विहीण म्हणायच्या आधी

कार्तिकातल्या संकष्टीला वेणूनं गणपतीपुढं एकवीस दूर्वांची जुडी ठेवली आणि नेम बोलला. रोज सकाळी व्हिएतनामी भाषेतले अकरा शब्द पाठ केल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायचं नाही. बोलताना तिला वाटलं, अकरा शब्द म्हणजे काय मोठं? अथर्वशीर्ष तिनं नुसतं ऐकून ऐकून पाठ केलं होतं, आणि त्यातलं निम्मं तरी तिला कुठं कळत होतं! पण अथर्वशीर्षात चूक झाली तर देव समजून घेतो. इथं समजून घेणारी बाई हजारो कोस लांब बसली होती, आणि ती आधीच रुसली होती.

त्या बाईचं नाव होआ. तिची एकुलती मुलगी लान, आणि लानशी लग्न करायचं म्हणून अडून बसलेला वेणूचा निकेश. उरणच्या बंदरात कंटेनरच्या कामावर लागलेला मुलगा कंपनीनं व्हिएतनामातल्या हायफाँगच्या बंदरावर पाठवला, तिथं तीन वर्षं राहिला, आणि एके दिवशी फोनवर म्हणाला, "आई, तुला एक मुलगी दाखवायचीय."

मुलगी वेणूला आवडली. हसली की डोळे मिटायची. घोळ झाला तो मुलीच्या आईशी बोलताना. निकेशनंच युक्ती काढली होती, की आईनं फोनला मराठीत सांगायचं आणि फोन ते व्हिएतनामीत बोलून दाखवेल. वेणूनं पदर सारखा करून, नेहमीच्या हळू आवाजात म्हटलं, "नमस्कार ताई, बऱ्या आहात ना?" फोननं ते कुणा पुरुषाच्या खणखणीत आवाजात सांगितलं. काय सांगितलं ते देव जाणे. पलीकडं होआबाईंचा चेहरा दाराला कडी घालावी तसा बंद झाला.

दोन दिवसांनी निरोप आला. लाननं निकेशला सांगितला, निकेशनं आईला. "त्या म्हणतात, नवरा गेल्यावर या एका मुलीला धरून मी राहिले. तिला समुद्रापलीकडं द्यायची, तर तिथं तिच्याशी माणूस बोलणार आहे की फोन? मी स्वतः येऊन घर बघते. हो की नाही ते मग सांगते."

"आनी नाय म्हनाल्या तर?" वेणूनं विचारलं.

निकेश म्हणाला, "लान आईचा शब्द मोडणार नाही, आई. आणि मी तिला मोडायला सांगणार नाही."

म्हणून नेम.

* * *

पनवेलात जपानी शिकवणारे होते, कोरियन शिकवणारे होते, जर्मनचे फलक तर दर दुसऱ्या जिन्यावर. व्हिएतनामी म्हटलं की समोरचा माणूस आधी हसायचा. शेवटी कुणीतरी एलिशेबाबाईंचं नाव सांगितलं. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू बाई, सत्तरी ओलांडलेली, गावातल्या सिनेगॉगजवळ एकटी राहणारी. पंचवीस वर्षं जपानी शिकवलं, कोरियन हौसेनं शिकली, आणि मुलगा इस्रायलात अश्दोदला स्थायिक झाल्यावर नातवाशी, यायरशी, बोलता यावं म्हणून साठाव्या वर्षी हिब्रू शिकली.

"व्हिएतनामी मला येत नाही," दार उघडतानाच त्या म्हणाल्या. "पण पुस्तक मागवते. मी तुमच्यापुढं एक धडा असेन, एवढंच. शुक्रवारी दिवस मावळला की शनिवार मावळेपर्यंत शिकवणी नाही. आमचा शब्बाथ."

"माजंपन सोमवारी आणि चतुर्थीला पूजेमुळं उशीर व्हईल," वेणू म्हणाली. दोघींना एकमेकींची खात्री पटली.

पहिल्या दिवशी एलिशेबाबाईंनी टेबलावर चार-पाच पुस्तकं मांडली. "बघा, आशियातल्या भाषा म्हणजे एका चाळीतली बिऱ्हाडं नव्हेत. जपानी घ्या. अक्षरं बघून घाम फुटतो, पण वाक्य आपल्यासारखं. 'मी भात खाते' यात खाते शेवटी, त्यांचंही शेवटी. कोरियनचंही तसंच, आणि अक्षरं तर दोन आठवड्यांत येतात. थाई लिपीत क, ख असा आपल्यासारखाच क्रम आहे. चिनी कठीण. त्यात एकच अक्षर चार चालींत म्हणतात, आणि चाल बदलली की अर्थ बदलतो."

"आनी आपली?"

"आपली व्हिएतनामी वरून सोपी दिसते. इंग्रजी अक्षरं आहेत, फक्त कुणाला टोपी, कुणाला शेपूट. म्हणून माणूस बिनधास्त आत शिरतो. आत सहा चाली आहेत." त्यांनी वहीत 'मा' लिहिलं आणि आवाज वरखाली करत सहा वेळा म्हटलं. "सपाट म्हटलं तर भूत. आवाज खाली सोडला तर 'पण'. वर नेला तर गाल, आणि काही मुलखांत आईसुद्धा. मुरडून म्हटलं तर थडगं. मधेच तोडून वर नेलं तर घोडा. आणि धपकन खाली टाकलं तर भाताची रोपं, लावणीची."

"म्हंजे आवण?"

"तेच."

वेणू हरखली. तिच्या सासरची शेती विमानतळाखाली गेली, पण तिच्या हातांना आवणाची मूठ अजून आठवत होती. ती म्हणाली, "मा." एलिशेबाबाईंनी मान हलवली. पुन्हा म्हणाली. पुन्हा मान हलली. "तुम्ही भूत म्हणताय, वेणूताई. तुमचा आवाज जागचा हलतच नाही."

खोटं नव्हतं. वेणू जन्मात मोठ्यानं बोलली नव्हती. आता रोज पहाटे देवघरासमोर बसून ती आवाज वर न्यायची, खाली टाकायची, मधेच तोडायची. चौथ्या दिवशी तिचा नवरा काशिराम झोपेतून उठून आला. "काय गो, कुनाशी भांडतंस?"

"भांडत नाय. शिकतेय."

"सकालच्या पारी देवावर वरडतंस, न म्हनं शिकतेय." तो पुन्हा जाऊन झोपला. पण जाताना दार हळूच ओढून घेतलं, तिला मोकळं वाटावं म्हणून.

बाकीचं मात्र इतकं सोपं निघालं की तिला संशय यायला लागला. खाते, खाल्लं, खाईन, सगळ्याला एकच शब्द. बाई खाते, पुरुष खातो, काही फरक नाही. 'जेवलात का?' हे तर तिथं भेटल्यावर विचारायचीच रीत. "आपल्यासारकंच हाय की सगलं," वेणू म्हणाली. "मंग कठीन काय?"

"आता येतंय ते," एलिशेबाबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "तुम्हाला 'मी' आणि 'तुम्ही' म्हणायचंय. सरळ 'मी' म्हणायचा शब्द आहे, पण नात्यातल्या माणसाशी बोलताना तो कोरडा वाटतो म्हणे. घरात आणि नात्यात नातंच बोलायचं. समोरची मोठी असेल तर ती 'थोरली बहीण' आणि आपण 'धाकटी'. ती धाकटी असेल तर उलटं. फोननं त्या दिवशी इथंच काहीतरी घाण केली असणार. जपानीतही मानाचे प्रकार पुष्कळ आहेत, पण तिथं हा शब्द गाळून वाक्य पुरं करता येतं. इथं आधी ठरवायचं, ही माझी कोण. मग तोंड उघडायचं."

"मंग वय विचारू."

लाननं आईचं साल लगेच कळवलं, एकोणीसशे सत्तर. अडलं ते वेणूचंच. शाळेच्या दाखल्यावर तिची तारीख होती एक जून एकाहत्तर. पण तिच्या वर्गातल्या सगळ्याच मुलांचा वाढदिवस एक जूनला होता. मास्तरांनी ज्याला त्याला तीच तारीख टाकून दिली होती. आई म्हणायची, तू भात झोडायच्या दिवसांत झालीस. कुठल्या वर्षीच्या भाताच्या, ते सांगायला आई आता नव्हती.

"म्हणजे तुम्ही थोरल्या की धाकट्या, ते देवालाच ठाऊक," एलिशेबाबाई म्हणाल्या. मग पानं उलटता उलटता थबकल्या. "अहो, यांच्याकडे विहिणीला शब्द आहे! बा थोंग झा. इंग्रजीत बघा, नाही. म्हणजे वयाची भानगडच मिटली."

वेणूनं तो शब्द वहीत देवनागरीत लिहून घेतला. त्या दिवसाच्या अकरांत तोच तिला सगळ्यात आधी पाठ झाला. दुसऱ्या दिवशी मात्र ती वही उघडून त्या शब्दावर बोट ठेवून बसली.

"काय झालं?"

"बाय, त्यांनी हो बोलाच्या आदी मी विहीन कशी म्हनू? कुंकू लावाच्या आदी नातं लावल्यासारकं व्हईल. जबरदस्ती वाटंल त्यांना."

एलिशेबाबाईंनी पुस्तक मिटलं. थोरली म्हणता येत नाही, धाकटी म्हणता येत नाही, विहीण म्हणायची नाही. "मग तुम्ही होआबाईंना हाक तरी काय मारणार?"

पुढचे दोन महिने वेणू रोज अकरा शब्द करत राहिली, पण हाकेची जागा रिकामीच राहिली. कपाळावर कुंकवाची जागा रिकामी ठेवून सगळे दागिने घालावे, तसं तिला वाटायचं.

* * *

माघातल्या एका रविवारी होआबाई आल्या. लानला सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून एकट्याच, निकेशबरोबर. वेणूनं आधीच कॅलेंडरात तो दिवस बघितला होता. पौर्णिमा होती.

निकेश चार वर्षांचा असताना तापानं फणफणला होता, तेव्हापासून वेणूनं पौर्णिमेचा उपास धरला होता. चोवीस-पंचवीस वर्षांत एक पौर्णिमा चुकली नव्हती. घरातल्या बाकीच्यांना त्याचं काही नव्हतं. काशिराम तर पहाटेच उरणला जाऊन पापलेटं, कोलंबी आणि ही एवढी चिंबोरी घेऊन आला होता. "दर्याकाठची मानसं ती. मासलीशिवाय त्यांना जेवन जेवल्यासारकं वाटंल काय?"

वेणूची नणंद चंद्रावती मदतीला आली होती. मसाला वाटता वाटता तिनं विचारलं, "आनी तू काय खाशील?"

"माजा उपास हाय ताय."

"म्हंजे पावनी जेवनार, न तू तिचं तोंड बगत बसनार? आदीच बाय रुसलेली. घरची बाय ताटावर बसत नाय, त्या घरात पोरगी कोन देल? तिला वाटंल, हिला आमच्यासंगं जेवाची किलस येते."

साबुदाणा वेणूनं आदल्या दिवशीच सवयीनं भिजत घातला होता. तो झाकून मागं सरकवला. देवघरात जाऊन तिनं हात जोडले. ज्या पोरासाठी हा उपास धरला, त्याच पोरासाठी मोडतेय, देवा. हिशेब कसा लावायचा तो तूच लाव. कपाळ टेकून उठली, पण मन काही उठलं नाही.

गाडी दारात आली. होआबाई बारीक अंगाच्या, केसांचा घट्ट अंबाडा, अंगात साधा तपकिरी सदरा. वेणू पुढं झाली आणि तिनं तीन महिने घोटलेलं सगळं आठवायला घेतलं. काही आठवेना. "सिन चाओ," एवढंच नमस्काराचं निघालं, तेही इतकं हळू की वर गेलं की खाली हे तिचं तिलाच कळलं नाही. होआबाईंनी मान लववली आणि काहीतरी लांबलचक बोलल्या. वेणूला त्यातला एक शब्द ओळखीचा वाटला. भात, किंवा आभार, किंवा काका.

"आई, त्यांची एक बॅग आलीच नाही," निकेश चप्पल न काढताच म्हणाला. "आत्ताच फोन आला, मिळालीय म्हणून. तीत लाननं तुमच्यासाठी काय काय दिलंय, बॅग नाही म्हणून त्या अस्वस्थ आहेत. मी जाऊन आणतो. तुम्ही जेवायला बसा, त्या पहाटेपासून उपाशी आहेत."

"अरे, पन बोलू काय मी?"

"तू शिकलीस ना!" म्हणाला, आणि गेला.

होआबाईंनी इकडंतिकडं बघितलं, देवघर दिसलं, तशा सरळ तिथं गेल्या. पिशवीतून चार संत्री काढून देवापुढं ठेवली आणि हात जोडून बराच वेळ उभ्या राहिल्या. काशिरामनं वेणूकडं बघून भुवया उडवल्या, म्हणजे बाय चांगली हाय.

मग पानं मांडली. तांदळाची भाकरी, भात, तळलेलं पापलेट, कोलंबीचं सुकं, मधोमध चिंबोरीचं कालवण. बाजूला काकडी आणि वाल. वेणू होआबाईंच्या शेजारी बसली. स्वतःच्या ताटातलं पापलेट तिच्याकडं बघतंय असं तिला वाटलं.

होआबाईंनी ताट बघितलं. वेणूकडं बघितलं. काशिरामकडं बघून हसल्या. बोटांनी पापलेटाचा एक तुकडा मोडला. पण तो तोंडाकडं न नेता खाली ठेवला, दोन्ही तळवे ताटावर जोडले, डोळे मिटले, आणि ओठ अगदी थोडे हलवले.

"बग, अन्नाला नमस्कार करते," चंद्रावती कुजबुजली. "संस्काराची हाय."

वेणूला ते पटेना. अन्नाचे आभार मानणाऱ्या माणसाचं कपाळ सैल असतं. या बाईच्या कपाळावर आठी होती, आणि जोडलेले हात किंचित मागं ओढलेले होते, द्यायला नव्हे तर मागायला जोडल्यासारखे. असा चेहरा आपण कुठं बघितला? मग तिला आठवलं, की तो बघितला नव्हता. तो तासाभरापूर्वी तिचा स्वतःचाच होता, देवघरात.

होआबाईंनी डोळे उघडले आणि तुकडा पुन्हा उचलला.

"नको!" वेणू म्हणाली.

मराठीत म्हणाली, आणि मोठ्यानं म्हणाली. काशिरामच्या हातातली भाकरी थांबली. इतक्या वर्षांत त्यानं बायकोचा असा आवाज ऐकला नव्हता. वेणूनं होआबाईंचं मनगट धरलं होतं. होआबाई दचकून बघत होत्या.

आता काहीतरी बोलायला हवं होतं. हाक मारायला हवी होती. थोरली? धाकटी? वेणूनं सगळं सोडून दिलं आणि मनगट धरूनच त्यांना उठवलं. खरकट्या हातानं दोघी भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी गेल्या. आजच्या तारखेच्या चौकोनात पौर्णिमेचा वाटोळा चंद्र छापला होता. वेणूनं त्यावर बोट ठेवलं, मग होआबाईंच्या ताटातल्या माशाकडं दाखवलं, आणि मान हलवून विचारलं, नाही ना चालत?

होआबाईंनी डाव्या हातानं पिशवीतून एक चिमुकलं कॅलेंडर काढलं. त्यात प्रत्येक चौकोनात दोन आकडे होते, एक मोठा, एक बारीक. आजच्या बारीक आकड्यावर त्यांनी नख टेकवलं. पंधरा. चंद्राची पंधरावी. त्यांनी माशाकडं बघून हात हलवला. आज नाही.

मग त्यांना एकदम काही सुचलं. त्यांनी भिंतीवरच्या चंद्राला बोट लावलं, वेणूच्या छातीकडं दाखवलं, वेणूच्या ताटातल्या पापलेटाकडं दाखवलं, आणि डोळे मोठे केले. तुम्हीपण?

वेणूनं मान खाली घातली. हो.

होआबाई हसायला लागल्या. तोंडावर हात धरून, खांदे हलवत, डोळे मिटून. लान हसते तशाच. वेणूलाही हसू आलं, आणि हसता हसता रडूही. पाहुणीला वाईट वाटू नये म्हणून घरची बाई व्रत मोडायला निघाली होती, आणि घरच्या बाईला वाईट वाटू नये म्हणून पाहुणी.

"मासली खराब हाय का?" काशिराम घाबरून ओरडला. "पाटे धक्क्यावर जाऊन आनलीय मी!"

"मासली चांगली हाय. तुमी खा," वेणू म्हणाली. "आमचा उपास हाय."

"आमचा म्हंजे कुनाचा?"

तोवर दोघी स्वयंपाकघरात पोचल्या होत्या.

वेणूनं साबुदाण्यावरचं झाकण काढलं. होआबाईंनी एक दाणा उचलून बोटांत चेपला आणि ओळखीचं काही भेटल्यासारखी मान डोलावली. शेंगदाण्याचं कूट बघून तर त्यांनी डबाच ओढून घेतला. रताळी उकडलेली होती. कांद्या-लसणाच्या टोपलीकडं त्यांनी नाक मुरडून हात हलवला, आणि वेणू मोठ्या समाधानानं ती टोपली दाराबाहेर ठेवून आली. सगळं जुळत चाललं होतं. एवढ्यात होआबाईंनी भाताच्या पातेल्याकडं बोट दाखवलं.

वेणू थबकली. भात? उपासाला? तिनं पुन्हा कॅलेंडराकडं बोट केलं. होआबाईंनी आनंदानं मान हलवली आणि पुन्हा भातच दाखवला.

दारातून बघणारी चंद्रावती म्हणाली, "भात खाऊन उपास? मंग माजा रोजच उपास हाय."

कुठला देव, कुठला नेम, भात कसा चालतो, वेणूला काही कळेना. विचारायला लागणारे शब्द तिच्या वहीत असतील, पण वही देवघरात होती. तिनं भात वाढला. वर शेंगदाण्याचं कूट आणि मीठ घातलं, कारण होआबाईंनी तसंच दाखवलं. शेजारी खिचडी वाढली. खाली पाट टाकून दोघी बसल्या. होआबाईंनी आपल्या ताटातलं रताळं मोडून मोठा तुकडा वेणूच्या ताटात ठेवला. वेणूनं तो परत त्यांच्या ताटात ठेवला. धाकटीनं थोरलीला आधी द्यायचं असतं. पण होआबाईंचंही तेच म्हणणं दिसत होतं. तुकडा तीन वेळा इकडून तिकडं गेला.

शेवटी होआबाईंनी तो वेणूच्या ताटात दाबून धरला, तिच्या हातावर हात ठेवला, आणि म्हणाल्या, "बा थोंग झा."

वेणूचा घास तोंडातच राहिला. आपण ऐकलं ते तेच होतं का? एलिशेबाबाई हा शब्द म्हणताना आवाज असा खाली सोडायच्या का? की यात भलताच काही अर्थ आहे, रताळं खा, असा? तिनं होआबाईंच्या तोंडाकडं बघितलं. त्या हळूच, एकेक शब्द सुटा करून पुन्हा म्हणाल्या, लहान मुलाला शिकवावं तसं. आणि थांबून राहिल्या.

उत्तराला काय म्हणायचं ते धड्यात होतं. वेणूला त्यातलं एक अक्षरही आठवेना.

"ओ," ती म्हणाली. "ओ, विहीनबाय."

निकेश बॅग घेऊन आला तेव्हा त्याचे वडील आणि आत्या बाहेर एवढं मोठं कालवण पुढ्यात घेऊन दोघंच जेवत होते, आणि आतून खालच्या आवाजात दोन भाषांतलं भांडण ऐकू येत होतं. दोघी एकमेकींना वाढायला उठत होत्या आणि एकमेकींना ओढून खाली बसवत होत्या.

"आई," त्यानं दारातूनच विचारलं. "काय म्हणाल्या? हो म्हणाल्या?"

"मला तरी तसंच वाटतंय," वेणू म्हणाली. "तू इचारून बग एकदा." मग त्याचा हात धरून त्याला थांबवत म्हणाली, "नको. आदी त्यांचं जेवन होऊ दे."